डावा सिलिंडर: राजदूत ३५० च्या दोन कार्बोरेटरांचे एक प्रकरण

प्रस्तुत प्रकरणातील गाडी १९८४ सालची राजदूत ३५० आहे. यामाहाची आरडी ३५० जपानमध्ये १९७३ साली आली. तिकडे ती बंद होऊन बरीच वर्षे लोटल्यावर, १९८३ पासून, एस्कॉर्ट्सने तीच गाडी परवान्याखाली आपल्याकडे बनवली. पुढचा डिस्क ब्रेक जाऊन त्या जागी ड्रम आला, पण इंजिनाचा मूळ आराखडा तसाच राहिला: ६४ मिमी बोअर, ५४ मिमी स्ट्रोक, हवेने थंड होणारे दोन सिलिंडर, ३४७ सीसी, टू-स्ट्रोक, सहा गिअर आणि प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र मिकुनी कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणारा भाग. सुरुवातीच्या हाय टॉर्क गाड्या साडेतीस अश्वशक्तीच्या होत्या, आणि पुढे पेट्रोलच्या खर्चाची ओरड झाल्यावर लो टॉर्क गाड्या आल्या. माझ्या मामांची गाडी पहिल्या प्रकारातली. त्यांनी ती सांगलीत सत्तावीस वर्षे चालवली, २०१२ मध्ये गुडघ्याच्या दुखण्यामुळे किक मारणे थांबले तेव्हा वाड्याच्या पडवीत ताडपत्री घालून उभी केली, आणि २०१९ च्या पुराचे पाणी पडवीच्या खालच्या पायरीवरच थांबल्यामुळे ती वाचली. २०२३ च्या जानेवारीत मी ती टेम्पोत घालून पुण्याला आणली.

गाडी अकरा वर्षे उभी होती, त्यामुळे सुरुवातीचे काम सरळ होते. टाकी आतून धुतली, पेट्रोल कॉकची जाळी आणि रबरे बदलली, बॅटरी नवी घातली, आणि किक मारण्याआधी प्लग काढून दोन्ही सिलिंडरांत थोडे टू-टी ऑइल सोडून इंजिन हाताने फिरवले. ते मोकळे फिरले, याचा मला नको इतका आनंद झाला, कारण त्या आनंदात मी असे गृहीत धरले की इंजिन ठीक आहे आणि आता प्रश्न फक्त कार्बोरेटरांचा उरला आहे.

कार्बोरेटरांची अवस्था अपेक्षेप्रमाणे होती. फ्लोटच्या वाटीत पेट्रोल सुकून तपकिरी राळ झालेली, तळाशी पाण्याने धरलेली पांढरी भुकटी, आणि मंद गतीला पेट्रोल सोडणाऱ्या पायलट जेटचे छिद्र पूर्ण बंद. हे छिद्र इतके बारीक असते की त्यात तार घालणे म्हणजे जेटचे माप बदलणे. म्हणून सर्व पितळी भाग रात्रभर क्लीनरमध्ये बुडवून ठेवले, सकाळी कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकले आणि प्रत्येक जेट उजेडासमोर धरून आरपार स्वच्छ गोल दिसतो की नाही ते पाहिले. कार्बोरेटरच्या अंगातील वाटांची तपासणी बरेच जण सोडून देतात. जेट स्वच्छ असूनही त्याच्या पुढची वाट तुंबलेली असेल, तर गाडी चोक ओढल्यावरच चालते आणि चोक सोडला की बंद पडते. एअर स्क्रू काढून त्याच्या भोकातून क्लीनर मारल्यावर तो तोंडाशी असलेल्या बारीक छिद्रांतून धार धरून बाहेर आला पाहिजे. उजव्या कार्बोरेटरमध्ये तो पहिल्याच प्रयत्नात आला, डाव्यात तिसऱ्या दिवशी.

दोन्ही कार्बोरेटरांचे भाग ताटात शेजारी शेजारी मांडल्यावर एक गोष्ट लक्षात आली. पूर्ण रेसला पेट्रोल देणारा मेन जेट उजवीकडे गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाचा होता, तर डावीकडचा दोन पायऱ्या मोठा. मधल्या टप्प्यावर पेट्रोल किती जाईल ते ठरवणारी सुई म्हणजे नीडल; उजव्या नीडलची क्लिप मधल्या खाचेत होती, डाव्या नीडलची त्याच्या खालच्या खाचेत, म्हणजे नीडल वर उचललेली आणि मिश्रण घट्ट, पेट्रोल जास्त असलेले. एअर स्क्रू उजवीकडे दीड फेरा उघडा, डावीकडे जेमतेम अर्धा, आणि हा स्क्रू आत गेला की हवा कमी होऊन मिश्रण घट्ट होते. थोडक्यात, मंद गतीपासून पूर्ण रेसपर्यंतच्या तिन्ही टप्प्यांवर कुणीतरी डाव्या सिलिंडरला मुद्दाम जास्त पेट्रोल पाजत होते.

मी त्याचा अर्थ असा लावला की पूर्वीच्या मिस्त्रीने हाताला लागला तो जेट बसवला असणार. आपल्याकडे जुन्या गाड्यांत असे नेहमी दिसते, आणि घरी काम करणाऱ्याला मिस्त्रींच्या चुका शोधण्यात एक प्रकारचे समाधानही मिळते. मी डावीकडे पुस्तकाप्रमाणे जेट बसवला, क्लिप मधल्या खाचेत आणली, दोन्ही एअर स्क्रू दीड फेऱ्यावर ठेवले आणि दोन्ही बाजू एकसारख्या केल्या. काम पुस्तकाबरहुकूम झाले होते. चूक याच टप्प्यावर झाली, आणि पुढचे सगळे तिच्यातून निघाले.

दोन कार्बोरेटरांची जुळवणी मात्र मी आजही त्याच पद्धतीने करेन. या गाडीत मुठीतून निघालेली एक केबल टाकीखाली फुटून दोन्ही स्लाइडना (कार्बोरेटरमधील हवेची वाट उघडणाऱ्या सरकत्या पडद्यांना) आणि ऑइल पंपाला जाते, त्यामुळे तीनही टोके एकाच क्षणी हलली पाहिजेत. एअर फिल्टरचे रबर काढून दोन्ही कार्बोरेटरांच्या तोंडांत एकेक बोट घालून मूठ हळूच फिरवली की कोणती स्लाइड आधी उचलते ते बोटाला डोळ्यांपेक्षा लवकर कळते. वरच्या अॅडजस्टरने ती वेळ साधल्यावर दोन्ही स्लाइडखाली एकाच मापाचे ड्रिल बिट सरकवून खात्री केली, आणि पूर्ण मूठ उघडल्यावर दोन्ही स्लाइड वाटेतून पूर्ण बाजूला होतात हेही पाहिले. आयडलिंग लावताना इंजिन गरम करून एका वेळी एकच सिलिंडर चालवायचा, दुसऱ्याची प्लग कॅप जुन्या प्लगवर लावून तो प्लग इंजिनाला टेकवून ठेवायचा, कारण उघडी ठेवलेली कॅप इग्निशन कॉइलचा जीव घेते. आणि दोन्ही सिलिंडर एकेकटे साधारण सारख्याच गतीवर तग धरतील असे स्टॉप स्क्रू फिरवायचे.

इथेच पहिली खूण मिळाली होती आणि ती मी वाचली नाही. उजवा सिलिंडर एकटा संथपणे चालत होता. डावा मात्र कधी बंद पडायचा आणि कधी स्क्रूला हात न लावता आपोआप रेस व्हायचा, आणि मूठ सोडल्यावर गती खाली यायला दोन-तीन सेकंद लागत होते. गाडी ‘रेस धरून ठेवते’ असे आपण म्हणतो आणि बहुतेक वेळा केबलला दोष देतो. मीही केबलला तेल पाजले.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी सातारा रस्त्याने गाडी पहिल्यांदा लांब नेली. शिरवळच्या अलीकडे, साठच्या गतीने सरळ रस्त्यावर जात असताना, इंजिनाचा आवाज क्षणभर दबल्यासारखा झाला आणि मागचे चाक घासू लागले. टू-स्ट्रोक चालवणाऱ्याची दोन बोटे क्लचवर असावीत हे मामांचे वाक्य लहानपणापासून ऐकलेले होते, त्यामुळे क्लच वेळेवर ओढला गेला आणि मी पडलो नाही. वीस मिनिटांनी इंजिन थंड झाल्यावर किक फिरली, पण डाव्या बाजूने खरखर ऐकू येत होती. गाडी टेम्पोतून परत आणली.

हेड आणि सिलिंडर काढल्यावर डाव्या पिस्टनच्या एक्झॉस्टकडच्या अंगावर उभे ओरखडे आणि सिलिंडरच्या भिंतीवर चिकटलेले अॅल्युमिनियम दिसले. वरची रिंग खाचेत दबून बसली होती. डावा प्लग खडूसारखा पांढरा होता आणि उजवा नेहमीसारखा तपकिरी. कारण म्हणून तीन शक्यता समोर होत्या: तेल कमी पडणे, टायमिंग पुढे असणे (ठिणगी वेळेआधी पडणे), किंवा मिश्रण पातळ होणे (पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होणे).

पहिल्या दोन लवकर निकाली निघाल्या. या गाडीला तेल वेगळ्या टाकीतून पंपाने मिळते. पुष्कळ गाड्यांत हा पंप कुणीतरी कधीतरी बंद करून पेट्रोलमध्ये तेल मिसळण्याची सवय लावलेली असते. मामांच्या गाडीत तो चालू होता आणि त्याच्या दोन्ही नळ्यांतून तेल सारखेच येत होते. शिवाय मी पहिल्या टाकीत खबरदारी म्हणून थोडे तेल मिसळलेही होते, आणि तेल अपुरे पडले असते तर उजवा पिस्टन इतका निर्मळ राहिला नसता. टायमिंगसाठी प्लगच्या भोकात डायल गेज बसवून पॉइंट, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणारा संपर्क, नेमका कधी उघडतो ते बल्ब लावून पाहिले. पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याआधी २.० मिमी हे माप मी धरले होते, आणि दोन्ही बाजू त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आत होत्या.

राहिले मिश्रण. डाव्या कार्बोरेटरमध्ये अजून काहीतरी अडकले आहे हीच माझी पहिली समजूत होती. ती तपासण्यासाठी इंजिन तात्पुरते जुळवण्याचा मार्ग उघड होता, पण ओरखडलेल्या पिस्टनवर ते करणे बरोबर नव्हते. म्हणून मी शिरवळच्या आधीच्या आठवड्यातील माझ्या नोंदी काढल्या. त्या आठवड्यात डावीकडचे आयडलिंग जमत नाही म्हणून मी दोन्ही बाजूंचे पायलट जेट, मेन जेट आणि नीडल यांची अदलाबदल करून पाहिली होती, आणि नोंदीत माझ्याच अक्षरात लिहिलेले होते: ‘फरक नाही, त्रास डावीकडेच.’ फ्लोटची पातळीही वाटीच्या तळाला पारदर्शक नळी लावून दोन्हीकडे सारखी दिसली होती. जेट बाजू बदलतात आणि दोष बाजू बदलत नाही, तेव्हा तो जेटमध्ये नसतो. हे वाक्य मी तेव्हाच लिहायला हवे होते.

त्याच संध्याकाळी मामांना फोन केला. ते गाडीची वही ठेवत असत, पेट्रोल, टायर, क्लच प्लेट, सगळे त्यात. त्यांनी वही शोधून वाचून दाखवले: २००९ च्या उन्हाळ्यात डावा प्लग सारखा पांढरा पडत होता, गाडी गरम झाल्यावर आयडलिंगला टिकत नव्हती, मिस्त्रीने डावा जेट बदलला, ‘आता बरी.’ पुन्हा २०११ मध्ये जेट आणखी एक पायरी मोठा, ‘आता बरी.’ म्हणजे ज्याला मी निष्काळजीपणा समजलो तो उपचार होता. उपचार लक्षणावर होता हे खरे, पण त्या मिस्त्रीने डाव्या सिलिंडरमध्ये कुठून तरी जास्तीची हवा शिरते आहे हे ओळखले होते आणि तिच्या बरोबरीने पेट्रोल वाढवून गाडी चालती ठेवली होती. मी ते जास्तीचे पेट्रोल काढून घेतले आणि हवा तशीच ठेवली.

ही हवा कुठून येते हे समजण्यासाठी टू-स्ट्रोकची एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. बुलेटसारख्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँककेसचे पॅकिंग गळले तर जमिनीवर तेलाचा डाग पडतो, एवढेच. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाच पंप असतो: पिस्टन वर जाताना खालच्या पोकळीत ओढ निर्माण होते, रीड वाल्व (एकाच दिशेने उघडणारी झडप) उघडून कार्बोरेटरमधून मिश्रण आत येते, आणि पिस्टन खाली येताना तेच मिश्रण दाबून वरच्या बाजूला पाठवले जाते. या पोकळीला कुठेही फट असेल, तर इंजिन कार्बोरेटरला न विचारता तिथूनही हवा खेचते. मूठ कमी उघडी असताना मुळात मिश्रणच थोडे असल्यामुळे या चोरट्या हवेचा वाटा मोठा पडतो, म्हणून आयडलिंग सर्वात आधी बिघडते. दोन सिलिंडर असल्यामुळे पोकळ्याही दोन, क्रँकच्या मधोमध एक लॅबिरिंथ सील, आणि दोन टोकांना रबरी ऑइल सील. उजवे सील क्लचच्या बाजूला, गिअर ऑइलच्या शिंतोड्यात. ते गेले तर गिअर ऑइल इंजिनात जळते आणि पांढरा धूर सुटतो, त्यामुळे ते लपत नाही. डावे सील डायनमो आणि पॉइंटच्या बाजूला कोरडे असते. ते गेले तर काहीच दिसत नाही. अकरा वर्षे गाडी उभी राहिल्यावर आधीच थकलेल्या त्या रबराचे काय झाले असेल, हे सांगायला नको.

तरीही अंदाजावर इंजिन उघडायचे नाही असे ठरवून प्रेशर टेस्ट केली. यासाठी खास साधन मिळते, पण घरातल्या जुन्या रक्तदाब यंत्राचा फुगा आणि तबकडी यांनी काम उत्तम होते, कारण टू-स्ट्रोकवाल्यांत रूढ असलेला सहा पौंडांचा दाब म्हणजे पाऱ्याचे सुमारे ३१० मिमी, आणि तबकडी ३०० पर्यंत जाते. सिलिंडर पुन्हा बसवून, ट्यूबचे रबर आणि लोखंडी पट्टी लावून दोन्ही एक्झॉस्ट बंद केले, प्लग घट्ट केले, उजवे इनटेक बुचाने बंद केले आणि डाव्या इनटेक रबरातून हवा भरली. हवा इनटेककडूनच भरावी. प्लगच्या भोकातून भरली तर रीड वाल्व आतून मिटतो आणि त्याच्या अलीकडच्या इनटेक रबराची गळती तपासणीतून सुटते. मधले सील एकमेकांना न टेकणाऱ्या खाचांचे असल्यामुळे हवा एका पोकळीतून दुसरीत हळूहळू जातेच, म्हणून दोन्ही बाजू एकदमच बंद कराव्या लागतात आणि गळती कोणत्या बाजूला आहे हे काट्यावरून नव्हे तर साबणाच्या पाण्यावरून शोधावे लागते. दाब सहा मिनिटे टिकावा अशी अपेक्षा असते. आमचा काटा ३०० वरून १०० वर यायला पाऊण मिनिटही लागले नाही. इनटेक रबर, सिलिंडरचे बूड, हेड, कुठेही बुडबुडा नाही. मग डाव्या बाजूचा रोटर पुलरने काढला आणि क्रँकच्या टोकाशी साबणाचे पाणी लावले. तिथे फेस उकळल्यासारखा वर आला.

फक्त तेवढे एक सील बाहेरून उपटून नवे ठोकण्याचा मोह झाला होता. पण उजवे सीलही त्याच वयाचे, क्रँकची बेअरिंगही त्याच वयाची, आणि बेअरिंग ढिले असेल तर क्रँक थरथरतो व नवे सीलही वर्षभरात फाटते. म्हणून इंजिन फ्रेममधून उतरवले. या इंजिनाचे क्रँककेस आडवे उघडते, वरचा अर्धा भाग उचलला की क्रँक आणि गिअर खालच्या भागात मांडून ठेवल्यासारखे दिसतात, त्यामुळे घरी उघडण्यासाठी ते अनेक इंजिनांपेक्षा सोयीचे आहे. क्रँक मात्र प्रेसमध्ये दाबून जोडलेला असतो; तो सुटा करणे आणि सरळ करणे हे घरचे काम नव्हे. तो ज्यांचे रोजचे काम तेच आहे अशा कारागिराकडे दिला. त्यांनी दोन टोकांची बेअरिंग बदलली, कनेक्टिंग रॉड चांगले असल्यामुळे तसेच ठेवले, आणि दोन्ही टोकांचा डगमग ०.०३ मिमीच्या आत आणून दिला. डावे सील हातात घेतल्यावर त्याच्या ओठाची स्प्रिंग जागेवर होती, पण रबर बांगडीसारखे कडक झाले होते आणि नखाने त्याचा टवका निघाला.

सिलिंडर आधीच पन्नासच्या पिस्टनवर होते, म्हणजे मूळ ६४ ऐवजी ६४.५० मिमी. उजव्याला झीज कमी होती आणि ओरखडे नव्हते, तरी दोन्ही पंचाहत्तरवर नेले, कारण दोन बाजूंना वेगळ्या मापाचे पिस्टन ठेवणे म्हणजे पुढच्या माणसासाठी आणखी एक कोडे तयार करणे. बोअर मारणाऱ्याला पिस्टन आधी हातात दिले आणि प्रत्येक सिलिंडर त्याच्या पिस्टनच्या मापावरून, सुमारे चार शतांश मिलिमीटर सैलीने करून घेतला. पोर्टच्या कडा त्यांनी मोडल्या नव्हत्या. त्या धारदार राहिल्या तर रिंग तिथे अडकते. म्हणून बारीक कानस घेऊन ते काम मीच एका दुपारी केले.

इंजिन पुन्हा जुळवल्यावर, कार्बोरेटर बसवण्याआधी, तीच प्रेशर टेस्ट पुन्हा केली. पहिल्या प्रयत्नात काटा चार मिनिटांत २४० वर आला आणि साबणाने दाखवले की डाव्या सिलिंडरच्या बुडाचे पॅकिंग एका कोपऱ्यात नीट बसले नव्हते. ते बदलल्यावर सहा मिनिटांत काटा जेमतेम दहाने खाली आला. त्यानंतरच कार्बोरेटर बसले, दोन्ही बाजूंना सारखे जेट, सारख्या खाचा, सारखे स्क्रू, म्हणजे फेब्रुवारीत जे केले होते तेच अक्षरशः. या वेळी दोन्ही सिलिंडर एकेकटे संथ चालले आणि मूठ सोडताच गती खाली आली.

पेट्रोलमुळे नंतर एक बदल करावा लागला. पुस्तकातील जेटची मापे इथेनॉल नसलेल्या पेट्रोलची आहेत. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये ऑक्सिजन आधीच असल्यामुळे त्याला पूर्ण जळण्यासाठी हवा कमी लागते, साध्या पेट्रोलच्या १४.७ ला साधारण साडेतेरा, आणि म्हणून जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडते. पंपावर असे पेट्रोल येऊ लागल्यावर दोन्ही प्लग सारखेच फिकट दिसायला लागले, तेव्हा मी दोन्ही मेन जेट एक पायरी मोठे केले. हा बदल दोन्ही बाजूंना होता आणि वहीत तारखेसह कारण लिहून ठेवले आहे. गाडी आठवड्याहून जास्त उभी राहणार असेल तर पेट्रोल कॉक बंद करून फ्लोटच्या वाट्या रिकाम्या करतो, कारण ते पेट्रोल पाणी ओढते आणि तळाची पांढरी भुकटी पुन्हा धरायला लागते.

नवे पिस्टन बसल्यानंतर गाडी आतापर्यंत १,१४० किमी चालली आहे, त्यातील पहिले पाचशे अर्ध्या मुठीच्या आत आणि एकाच गतीवर न ठेवता. शेवटच्या तपासणीत डावा प्लग तपकिरी होता आणि उजवा त्याहून किंचित काळा. ऑइल पंपाच्या पुलीवरची खूण केबलच्या ताणामुळे थोडी पुढे गेलेली आढळली. पुढच्या रविवारी ती केबल लावायची आहे, जेटला हात लावायचा नाही.